विश्लेषण : सलग ८० पराभवांनंतरही संघ मैदानात! आपल्या महाविद्यालयांना हरण्याचा ‘हंगाम’ का मिळत नाही?

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ १९८९ ते १९९८ या काळात सलग ८० सामने हरला. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमधील पराभवांची ही सर्वांत मोठी मालिका मानली जाते. भंडारा, तुमसर किंवा साकोलीतील एखाद्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघाला हा विक्रम मोडायचा म्हटले तरी ते जमणार नाही. कारण आपल्याकडे पहिला सामना हरला की बहुतेक वेळा त्या वर्षाची स्पर्धाच संपते. हरणाऱ्या संघाला तिकडे संपूर्ण हंगाम मिळतो आणि इकडे एक सामना मिळतो. या फरकाचा खेळाडूंवर काय परिणाम होतो, सतत हरणारे संघ सावरतात कसे आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात त्यातले काय करता येईल, याचा हा आढावा.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे नेमका कोणता खेळ?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. अमेरिकन फुटबॉल हा वेगळा खेळ आहे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतांश वेळ हातात घेऊनच खेळला जातो. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की ‘टचडाउन’ होतो आणि सहा गुण मिळतात. चढाई आणि पकड यांचे तंत्र माहीत असलेल्या कबड्डीप्रेमींना हा खेळ समजायला फारसा वेळ लागत नाही. जागा जिंकायची आणि समोरच्याला अडवायचे, हेच त्याचे सूत्र आहे.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. इथे आक्रमणाचे ११ खेळाडू वेगळे, बचावाचे ११ वेगळे आणि चेंडू लांब मारण्याच्या प्रसंगांसाठी आणखी वेगळे असतात. धडका जोरदार असल्याने दुखापती होतात, म्हणून प्रत्येक जागेसाठी राखीव खेळाडूही लागतो. त्यामुळे महाविद्यालयीन संघ सहज ८० ते १०० जणांचा होतो. कबड्डीचा संघ १२ जणांत उभा राहतो. एवढ्या मोठ्या संघाचा खर्च ज्याला झेपत नाही, तो या खेळात हमखास मागे पडतो.

भारतात हा खेळ रुजवण्याचा प्रयत्न झाला आहे. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या नावाने २०१२ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद पुणे मराठाज या संघाने मिळवले होते. मात्र आपल्या महाविद्यालयांत हा खेळ रुजला नाही.

महाविद्यालयीन सामन्यांना तिथे इतके महत्त्व का?

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन प्रामुख्याने एनसीएए ही संघटना करते. तिची स्थापना १९०६ मध्ये झाली. महाविद्यालये तीन विभागांत विभागलेली आहेत. त्याशिवाय जवळपासची किंवा सारख्या ताकदीची विद्यापीठे एकत्र येऊन आपापली ‘कॉन्फरन्स’ बनवतात. आपल्याकडच्या विभागीय गटासारखी ही रचना असते.

फुटबॉलचा हंगाम साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर असा असतो. बहुतेक संघ आठवड्याला एक या हिशेबाने १० ते १२ सामने खेळतात. हे वेळापत्रक आधीच ठरलेले असते. पहिले पाच सामने हरले म्हणून सहावा रद्द होत नाही. सगळ्यांत वरच्या गटात १२ पैकी सहा सामने जिंकणारा संघ हंगामानंतरच्या खास ‘बोल’ सामन्यांसाठी पात्र ठरतो. त्याहून कमी जिंकले तर लोक त्याला ‘लूझिंग सीझन’ म्हणजे पराभवाचा हंगाम म्हणतात. अशा हंगामातही खेळाडूला १० ते १२ वेळा मैदानात उतरायला मिळते, हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे.

८० पराभवांची मालिका कशी घडली?

प्रेअरी व्ह्यू हे १८७६ मध्ये स्थापन झालेले, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेले विद्यापीठ आहे. त्याचा संघ कायम दुबळा होता असे नाही. बिली निक्स या प्रशिक्षकाच्या काळात, १९५० आणि ६० च्या दशकांत, या संघाने कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले होते.

पुढे चित्र बदलले. दक्षिणेकडील मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दारे उघडली आणि चांगले खेळाडू तिकडे जाऊ लागले. प्रेअरी व्ह्यूचे क्रीडा विभागाचे आर्थिक गणित बिघडले. १९९० चा फुटबॉल हंगाम विद्यापीठाने खेळलाच नाही. १९९१ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला, पण खेळाडूंसाठीच्या शिष्यवृत्त्यांशिवाय. समोरचे संघ शिष्यवृत्ती देऊन खेळाडू आणत होते आणि प्रेअरी व्ह्यू आपल्या आवारात जे विद्यार्थी होते त्यांच्यातून संघ बांधत होते.

त्या १९९१ च्या हंगामात संघाने ११ सामने खेळले आणि सगळे गमावले. ११ सामन्यांत मिळून त्याने ४८ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना ६१७ गुण दिले. सरासरी काढली तर प्रत्येक सामन्याचा निकाल साधारण ५६ विरुद्ध ४ असा येतो. पुढची काही वर्षे हेच चित्र राहिले.

हे दुर्दैव होते का? आकडे काय सांगतात?

सतत हरणाऱ्या संघाबद्दल ‘नशीब साथ देत नाही’ असे सहज म्हटले जाते. ते तपासण्याचा एक सोपा हिशेब आहे. समजा, एखाद्या संघाला प्रत्येक सामन्यात जिंकण्याची १० टक्के संधी आहे. म्हणजे हरण्याची शक्यता ०.९. सलग ८० सामने हरण्याची शक्यता काढायची तर ०.९ ला ०.९ ने ८० वेळा गुणत जायचे. उत्तर येते साधारण ०.०००२, म्हणजे ४,५०० हून अधिक प्रयत्नांत एकदा. संधी पाच टक्के धरली तर शक्यता होते ६० मध्ये एकदा. ती फक्त एक टक्का धरली, तर मात्र ८० पैकी ८० हरण्याची शक्यता ४५ टक्क्यांवर जाते.

प्रत्येक सामना सारखा नसतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ८० पराभवांची मालिका वाईट नशिबाने घडत नाही. संघाला जिंकण्याची संधी जवळपास शून्यावर आलेली असते तेव्हाच ती घडते. ती संधी शून्यावर येते ती पैसा, खेळाडूंची भरती, प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्ध्यांची निवड या चार गोष्टींमुळे. ‘मुलांमध्ये जिद्द नाही’ हे कारण या हिशेबात फार खालच्या क्रमांकावर येते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हा हिशेब मांडता आला, कारण संघ ८० सामने खेळला. एकच सामना हरून घरी आलेल्या संघाबद्दल असा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. तो संघ खरोखर कमकुवत होता, की पहिल्याच फेरीत गतविजेत्याशी गाठ पडली, की त्या दिवशी मुख्य चढाईपटू आजारी होता, हे सांगायला आकडेच उपलब्ध नसतात.

मालिका तुटली कशी? नंतर काय झाले?

२६ सप्टेंबर १९९८ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे प्रेअरी व्ह्यूने लँगस्टन विद्यापीठाचा १४-१२ असा पराभव केला आणि मालिका संपली. त्यानंतर संघ लगेच बलाढ्य झाला नाही. पण ११ वर्षांनी, २००९ मध्ये, त्याने आपल्या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले. १९६४ नंतरचे ते पहिलेच होते.

पराभवाच्या काळातही या विद्यापीठाचे सामने ओस पडले नाहीत, त्याला एक मजेशीर कारण होते. ‘मार्चिंग स्टॉर्म’ हे त्याचे वाद्यपथक प्रसिद्ध आहे आणि मध्यंतरात त्याचे सादरीकरण पाहायला प्रेक्षक येत राहिले. संघ हरत असतानाही विद्यापीठाभोवतीचा माणसांचा मेळ टिकून राहिला.

असे आणखी संघ कोणते?

न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ १९८३ ते १९८८ या काळात सलग ४४ सामने हरले. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी प्रिन्स्टनवर १६-१३ असा विजय मिळवून त्याची सुटका झाली. हे विद्यापीठ श्रीमंत आणि नामवंत आहे. पण ते ज्या आयव्ही लीगमध्ये खेळते तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही आणि न्यूयॉर्कसारख्या शहरात फुटबॉलपटू आकर्षित करणे सोपे नाही. याच कोलंबियाने २०२४ मध्ये आयव्ही लीगचे संयुक्त विजेतेपद मिळवले. १९६१ नंतर पहिल्यांदा.

शिकागोजवळचे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ १९७९ ते १९८२ या काळात सलग ३४ सामने हरले होते. १९९५ च्या हंगामात त्याच संघाने ‘बिग टेन’ हा बलाढ्य गट जिंकला आणि मानाच्या ‘रोझ बोल’मध्ये तो खेळला.

तिन्ही उदाहरणांत सावरायला एका दशकाहून अधिक काळ लागला. कोलंबियाला तर मालिका तुटल्यानंतर ३६ वर्षे थांबावे लागले. एखादा प्रशिक्षक आला आणि वर्षभरात चमत्कार झाला, अशी चित्रपटातली गोष्ट इथे दिसत नाही. मात्र प्रेअरी व्ह्यूचा १९९० चा हंगाम वगळता तिन्ही संघांना दरवर्षी पूर्ण वेळापत्रक मिळत राहिले, हा समान धागा आहे.

दुबळे संघ बलाढ्य संघांशी खेळतातच का?

याचे एक कारण पैसा आहे. मोठी विद्यापीठे हंगामाच्या सुरुवातीला आपल्या मैदानावर छोट्या विद्यापीठांना बोलावतात आणि त्यासाठी त्यांना ठरावीक रक्कम देतात. मोठ्या संघाला जवळपास खात्रीचा विजय आणि तिकीटविक्री मिळते. छोट्या संघाला मिळालेल्या पैशांतून वर्षभराचा प्रवास, साहित्य आणि इतर खेळांचा खर्च निघतो. खेळाडूंच्या दृष्टीने हा सौदा क्रूर असू शकतो. मात्र क्वचित तो उलटतोही. १ सप्टेंबर २००७ रोजी अ‍ॅपलाचियन स्टेट या तुलनेने छोट्या विद्यापीठाने मिशिगनला त्याच्याच मैदानात, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, ३४-३२ असे हरवले होते.

महाराष्ट्रात असे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते कबड्डीतच आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा पुणेरी पलटण पहिल्या हंगामात आठ संघांत तळाला राहिली. दुसऱ्या हंगामातही तीच शेवटची होती. मात्र लीग साखळी पद्धतीची होती. तळाच्या संघालाही प्रत्येक हंगामात १४ साखळी सामने मिळत होते. कोणता चढाईपटू दडपणाखाली चुकतो आणि कोणत्या कोपऱ्यातून गुण जातात, हे व्यवस्थापनाला दिसत होते. तिसऱ्या हंगामात पलटणने तिसरा क्रमांक मिळवला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून ती पहिल्यांदा विजेती ठरली. तेव्हा कर्णधार होता अस्लम इनामदार.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भाचे. विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो आहे. मध्य विभागात पाच संघ असताना साखळीत त्याच्या वाट्याला चारच सामने यायचे आणि बहुतेक वर्षी मोहीम तिथेच संपायची. २००२-०३ पासून रणजीची रचना बदलली आणि विभागीय चौकट मोडली. पुढच्या काळात जामठ्याचे स्टेडियम उभे राहिले, अकादमी आली, वासिम जाफर आणि गणेश सतीश यांच्यासारखे अनुभवी खेळाडू बाहेरून आणले गेले, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. २०१७-१८ मध्ये फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली आणि इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. त्या सामन्यात हॅट‌्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी हा स्थापत्य अभियंता आहे. त्या हंगामात गटात सात संघ होते, म्हणजे प्रत्येकाला सहा साखळी सामन्यांची हमी होती. २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही करंडक विदर्भाकडेच आला.

या दोन्ही संघांनी पैसा ओतला, चांगले प्रशिक्षक आणले, खेळाडू बदलले. फक्त जास्त सामने खेळून कुणी जिंकत नाही, हे प्रेअरी व्ह्यूनेही दाखवून दिले आहे. पण काय बदलायचे हे कळण्यासाठी आधी पुरेसे सामने असावे लागतात.

भंडाऱ्यातील महाविद्यालयीन संघाला किती सामने मिळतात?

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नागपूर, भंडारा, वर्धा आणि गोंदिया हे चार जिल्हे या विद्यापीठात आहेत. सांघिक खेळांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सर्वसाधारणपणे बाद पद्धतीने होतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत खेळतो आणि तिथून पुढे अखिल भारतीय पातळी येते. विद्यापीठ संघात निवड झालेल्या खेळाडूला आपल्याकडे ‘कलर होल्डर’ म्हणतात आणि गावात त्याचा मान वेगळाच असतो.

आता बाद पद्धतीचे गणित पाहू. ३२ संघ असतील तर विजेता ठरायला ३१ सामने लागतात. पहिल्या फेरीत १६ संघ बाहेर पडतात, म्हणजे अर्ध्या संघांना नेमका एक सामना मिळतो. आणखी आठ संघ दोन सामने खेळून परततात. म्हणजे ३२ पैकी २४ संघांचे वर्ष दोन किंवा त्याहून कमी सामन्यांत संपते. सरासरी काढली तर एका संघाच्या वाट्याला दोनही सामने येत नाहीत. पाच सामने खेळायला मिळतात ते फक्त अंतिम फेरीतल्या दोन संघांना.

कबड्डीचा पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो. पहिल्या फेरीत हरलेल्या संघातील खेळाडूचे वर्षभराचे स्पर्धात्मक खेळणे ४० मिनिटांत आटोपते. तीन वर्षांच्या पदवीत दरवर्षी असेच झाले तर ते दोन तास होतात. तो राखीव खेळाडू असेल तर तेवढेही नाही.

बाद पद्धतीत नुकसान कुणाचे होते?

पहिले नुकसान खेळाडूचे. सामन्याच्या दडपणात कसे खेळायचे हे सरावात शिकता येत नाही. पहिल्या सामन्यात झालेली चूक दुसऱ्या सामन्यात सुधारायची असते. दुसरा सामनाच नसेल तर ती चूक पुढच्या वर्षापर्यंत तशीच राहते.

दुसरे नुकसान निवड समितीचे. लाखांदूरच्या संघात एखादा उत्तम पकड करणारा मुलगा असेल आणि संघ पहिल्याच फेरीत हरला, तर निवडकर्त्यांना तो ४० मिनिटेच दिसतो. बलाढ्य महाविद्यालयाच्या संघातील सामान्य खेळाडू मात्र चार-पाच सामन्यांत डोळ्यांसमोर राहतो.

तिसरे नुकसान नोकरीच्या संधीचे. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ स्पर्धेची पातळी आणि तिथली कामगिरी यावर ठरतो. धानाच्या शेतीवर चालणाऱ्या घरातील मुलामुलींसाठी मैदान हा पोलीस भरती, रेल्वे किंवा क्रीडा आरक्षणाकडे जाणारा रस्ता असतो. त्या रस्त्याचे पहिले फाटक ४० मिनिटांत बंद होत असेल, तर तो कितीजणांना खुला आहे हा प्रश्न पडतो.

चौथे नुकसान महाविद्यालयाचे. एका सामन्यासाठी नवा गणवेश, मॅटवरचा सराव, प्रशिक्षकाचे मानधन यावर खर्च का करायचा, असे व्यवस्थापनाला वाटू शकते. खर्च कमी म्हणून तयारी कमी, तयारी कमी म्हणून पहिल्या फेरीत पराभव, आणि पराभव म्हणून पुन्हा खर्च कमी, असे चक्र सुरू होते. प्रेअरी व्ह्यूच्या मालिकेमागेही असेच चक्र होते.

मुलींच्या संघांना हा फटका जास्त बसतो. संघच कमी असले की ‘पुढे चाल’ मिळून काही संघ न खेळताच वरच्या फेरीत जातात आणि सामन्यांची संख्या आणखी घटते.

मग साखळी पद्धत परवडेल का?

पूर्ण साखळी खर्चिक असते, हे खरे आहे. आठ संघांची बाद स्पर्धा सात सामन्यांत संपते आणि साखळी घेतली तर २८ सामने लागतात. पंच, मैदान, निवास, प्रवास हे सगळे वाढते. उपस्थितीची अट आणि सत्र परीक्षा यांचेही वेळापत्रक सांभाळावे लागते. म्हणूनच आयोजक बाद पद्धत निवडतात.

पण मधले मार्ग आहेत. आठ संघांचे चारचे दोन गट केले तर गटातील १२, उपांत्य दोन आणि अंतिम एक असे १५ सामने होतात. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. कबड्डीच्या एका सामन्याला मध्यंतर आणि तयारीसह तासभर धरला, तर दोन मैदानांवर हे १५ सामने दीड दिवसात बसतात. ‘दुहेरी बाद’ ही आणखी एक पद्धत आहे. त्यात दोनदा हरल्यावरच संघ बाहेर पडतो, म्हणजे किमान दोन सामने नक्की असतात.

जिल्हा पातळीवर आणखी सोपी रचना करता येऊ शकते. भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, पवनी आणि लाखांदूर असे सात तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून एक संघ धरला तर साखळीत २१ सामने होतात आणि प्रत्येक संघाला सहा मिळतात. भंडारा, लाखनी, साकोली एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत, मोहाडी आणि तुमसर उत्तरेला एका रस्त्यावर, पवनी आणि लाखांदूर दक्षिणेला. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल एवढीच ही अंतरे आहेत, त्यामुळे मुक्कामाचा खर्च टळतो. दर शनिवारी एक फेरी ठेवली तर सात आठवड्यांत लीग पूर्ण होते.

वेळ मात्र विचार करून निवडावी लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते आणि दिवाळीच्या आसपास धानकापणी. या दोन्ही वेळी मुले शेतात असतात. त्यामुळे कापणीनंतरचा डिसेंबर-जानेवारीचा काळ सोयीचा ठरू शकतो. मात्र विद्यापीठाच्या निवडीला उपयोग व्हायचा असेल तर रोवणी आटोपल्यानंतरचे काही आठवडे वापरावे लागतील आणि तेव्हा पावसामुळे बंदिस्त सभागृहाची गरज पडेल.

अमेरिकेचे सगळेच अनुकरण करावे का?

नाही. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्रचंड पैसा आहे आणि त्यातून आलेले प्रश्नही आहेत. वरच्या गटातील संघांना दीर्घकाळ ८५ फुटबॉल शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५ पासून ही रचना बदलली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची वाट खुली झाली. त्यामुळे श्रीमंत आणि गरीब संघांतली दरी आणखी वाढेल अशी टीका होते. वारंवार डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांचा संबंध मेंदूच्या ‘सीटीई’ या आजाराशी जोडला गेला आहे. दुबळ्या संघाला पैशांसाठी बलाढ्य संघासमोर उभे करणे या पार्श्वभूमीवर अधिकच खटकते.

जास्त सामन्यांचा धोका आपल्याकडेही आहे. योग्य मॅट, फिजिओ आणि विश्रांती नसेल तर सहा सामन्यांत गुडघा-घोट्याच्या दुखापती वाढतील. ताकदीत फार अंतर असलेल्या संघांना एका गटात टाकले तर एकतर्फी निकाल लागतील आणि हरणाऱ्यांचा उत्साह मावळेल. त्यासाठी मागील वर्षाच्या कामगिरीनुसार दोन श्रेणी करता येतात. रणजी करंडकात एलिट आणि प्लेट अशी विभागणी याच विचाराने झाली होती.

घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की सामन्यांची संख्या निकालावर अवलंबून ठेवायची नाही. हरलेल्या संघालाही पुढच्या आठवड्यात खेळायचे आहे हे माहीत असेल, तर सोमवारी सराव होतो, मागच्या सामन्याचा मोबाइलवरचा व्हिडीओ पाहिला जातो आणि बदल केले जातात. त्या सहा सामन्यांपैकी पाच सामने हरणारा संघ निघेलच, कुणीतरी तळाला असणारच. पण त्या संघाच्या शारीरिक शिक्षण संचालकाकडे हंगामाअखेर सहा सामन्यांची नोंद असेल : किती चढाया यशस्वी झाल्या, किती गुण बचावात गेले, शेवटच्या पाच मिनिटांत काय झाले. पुढच्या वर्षीचा संघ बांधायला आणि व्यवस्थापनाकडे मॅट किंवा प्रशिक्षक मागायला तेवढा कागद पुरेसा असतो. आज बहुतेकांच्या हातात एका सामन्याचा निकाल आणि सहभागाचे प्रमाणपत्र असते.